सूर्यफुलाचे भांडवल

मुलांच्या हातातील खेळयंत्राकडे घरातील ज्येष्ठ मंडळी सहसा नाराजीनेच पाहतात. त्या यंत्रांत निव्वळ वेळ खाणारे खेळ पुष्कळ असतात, हेही खोटे नाही. परंतु ‘प्लांट्स व्हर्सेस झोम्बीज’ या खेळातील जमाखर्च एखाद्या हिशेबी माणसाने न्याहाळला, तर तो नातवाच्या शेजारी थोडा वेळ बसून राहील.

हा खेळ ‘टॉवर डिफेन्स’ या जातकुळीतील आहे. शत्रू ठरलेल्या वाटेने, लाटेमागून लाट असा येतो आणि खेळाडूने वाटेवर बुरूज उभारून त्याला थोपवायचे असते. बुरुजाला खर्च येतो आणि तिजोरी नेहमीच अपुरी असते. अमेरिकेतील सिॲटल येथील पॉपकॅप कंपनीसाठी हा खेळ रचताना जॉर्ज फॅन यांनी बुरुजांच्या जागी झाडे आणली. बुरूज जागचा हलत नाही, झाडही हलत नाही. कल्पना इतकी साधी आहे. मे २००९ मध्ये तो संगणकावर आला आणि जानेवारी २०११ मध्ये निन्तेंडो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रावर.

घरापुढील हिरवळीवर पाच पट्टे आहेत. उजवीकडून झोम्बी, म्हणजे चालती प्रेते, येतात, डावीकडे घर. येथील चलन म्हणजे सूर्यप्रकाश. आरंभी खेळाडूच्या हाती ५० एकक प्रकाश असतो. वाटाणे मारणारे झाड १०० एककांचे, सूर्यफूल ५० एककांचे. सूर्यफूल कोणाला मारत नाही. ते काही वेळाने २५ एकक प्रकाश देते. म्हणजे दोन खेपांत मुद्दल वसूल, पुढचे सारे उत्पन्न. मात्र सगळी शिल्लक सूर्यफुलांत गुंतवली, तर रिकाम्या पट्ट्यातून शत्रू दाराशी येतो. आणि सगळी शस्त्रांत घातली, तर मोठ्या लाटेच्या वेळी तिजोरीत खडखडाट. खेळते भांडवल आणि संरक्षण यांतील ही ओढाताण कोणत्याही लहान दुकानदाराला ओळखीची वाटेल.

या दराची हकीकत मोठी उद्बोधक आहे. प्रारंभीच्या आराखड्यात सूर्यफूलही १०० एककांचेच होते. परिणामी नवखे खेळाडू आधी शस्त्र घेत, उत्पन्नाकडे दुर्लक्ष करीत आणि हरत. फॅन यांनी उपदेशाचे फलक वाढवले नाहीत. सूर्यफुलाचा दर निम्मा केला. लोक आपोआप आधी सूर्यफूल लावू लागले. आपल्या आईलाही हा खेळ शेवटपर्यंत खेळता यावा यासाठी काय काय केले, याच विषयावर त्यांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील खेळनिर्मात्यांच्या परिषदेत व्याख्यान दिले. दर ठरविणाऱ्या कित्येक संस्थांना हे साधे तंत्र अजून उमगलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

रात्रीच्या पातळ्यांत आकाशातून प्रकाश पडत नाही. तेव्हा २५ एककांची प्रकाशदायी अळिंबी लावावी लागते. ती आधी थोडेच देते, वाढल्यावर पूर्ण. तोवर किल्ला सांभाळतात त्या फुकट मिळणाऱ्या, जवळचाच मारा करणाऱ्या चिमुकल्या अळिंब्या. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला गवत कापण्याचे एक यंत्र असते. शत्रू तेथवर पोहोचलाच, तर ते सुटते आणि पट्टा साफ करते, पण एकदाच. हा राखीव निधी पुन्हा भरला जात नाही.

डीएसचा पडदा अवघा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. संगणकावरील ऐसपैस अंगण त्यात आखडले, चित्रे बारीक झाली. पण खालच्या पडद्यावर लेखणीसारख्या काडीने झाड ठेवणे आणि प्रकाश टिपणे हे माउसपेक्षा सहज जमते, आणि एकेक पातळी बसच्या प्रवासात आटोपते.

जुलै २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने पॉपकॅप विकत घेतली. ६५ कोटी डॉलर रोख आणि १० कोटींचे समभाग. ऑगस्ट २०१२ मधील नोकरकपातीत फॅन यांनाही जावे लागले. २०१३ मध्ये दुसरा भाग मोबाईलवर ‘मोफत’ आला. पहिल्या भागात पातळी जिंकून मिळणारी, गारठवणारे वाटाणे मारणारी वेल येथे खऱ्या पैशांनी विकली जाऊ लागली. दुसरा भाग अशा ‘मोफत’ स्वरूपात काढणे आपल्याला मान्य नव्हते, असे फॅन यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. मात्र नोकरी जाण्यामागचे कारण इतके सरळ नव्हते, असेही त्यांनी जोडले.

डीएसच्या जुन्या कॅट्रिजमध्येही एक दुकान आहे. डोक्यावर पातेले घातलेला एक वेडसर शेजारी ते मोटारीच्या डिकीतून चालवतो. तेथे चालतात ती खेळातच मिळालेली नाणी. आईवडिलांच्या बँक खात्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.