अब्बांची पदके : हक्क कसा ठरतो, कागद कुठे मिळतो?

ज्या घरातले अब्बा किंवा दादा फौजेत, नेव्हीत होते त्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, आणि बहुधा ते अल्लाहला प्यारे झाल्यावर निघतो. लोखंडी पेटीत जुना बिल्ला सापडतो, एखादा पिवळा पडलेला फोटो सापडतो. फोटोत छातीवर तीन रिबिनी दिसतात आणि पेटीत पदक मात्र एकच, किंवा एकही नाही. कोणी म्हणते पोरांनी खेळायला नेली, कोणी म्हणते मिळालीच नव्हती. मग नातू बाजारातून तशीच दिसणारी दोन-चार पदके आणून फ्रेम करून भिंतीवर लावतो. त्याची भावना आम्हाला समजते. पण ज्या पदकाचा दादांना हक्क होता तेच सुटून गेले आणि ज्याचा नव्हता ते भिंतीवर आले, असे होऊ नये म्हणून हा विषय घेतला आहे.

पदक म्हणजे बहादुरीचे बक्षीस, ही आपली पहिली गैरसमजूत. शौर्यपदके फार थोड्यांना मिळतात. बाकीची पदके सेवेची असतात. 'हा माणूस त्या तारखेला, त्या ठिकाणी, कर्तव्यावर होता' एवढेच ती सांगतात. दोन्हींतला फरक कळायला कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूरचे अब्दुल हमीद १९५४ साली फौजेत भरती झाले. ४ ग्रेनेडियर्सचे हे जवान १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडताना शहीद झाले. त्यांचे परमवीर चक्र त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून स्वीकारले. हे आपल्या मुलांना शाळेत शिकवले जाते. पण त्यांच्या नावावर आणखी तीन पदके आहेत, ती सहसा कोणी सांगत नाही : सैन्य सेवा पदक, समर सेवा स्टार आणि रक्षा पदक.

ही तिन्ही बहादुरीची नाहीत. सैन्य सेवा पदक कठीण भागातल्या सेवेचे आहे. भाग कोणता ते रिबिनीवरच्या धातूच्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि हमीद यांच्या पट्टीवर जम्मू-काश्मीर होते. (दोन भागांत सेवा केली तर पदक दुसरे मिळत नाही, पट्टी दुसरी मिळते. 'दोन मिळायला हवी होती' असा घरचा हट्ट यातूनच होतो.) समर सेवा स्टार ५ ऑगस्ट १९६५ ते २५ जानेवारी १९६६ या काळात लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांसाठी आहे. रक्षा पदकाला लढाईच्या क्षेत्रात असण्याची अटही नाही. ५ ऑगस्ट १९६५ ला जो दलात होता आणि ज्याची १८० दिवसांची सेवा झाली होती, तो पात्र.

आता खरी मेख पाहा. समर सेवा स्टार आणि रक्षा पदक ही दोन्ही २६ जानेवारी १९६७ ला स्थापन झाली. लढाई होऊन वर्ष उलटले होते, हमीद केव्हाच शहीद झाले होते. म्हणजे पदक नंतर ठरते आणि हक्क मागच्या तारखेपासून लागतो. परमवीराच्या घरी सरकार स्वतः पोहोचते. पण जो साधा शिपाई लढाई संपल्यावर मुदत पुरी करून गावी आला, गिरणीत किंवा एसटीत लागला, त्याला मागाहून आलेल्या पदकाची खबर कोण देणार? रेकॉर्डमध्ये हक्क नोंदला गेला, पदक हातात आले नाही, असे घडते ते इथे. 'मिळाले नाही म्हणजे हक्कच नव्हता' असे समजून गप्प बसलेली कुटुंबे म्हणूनच असतात.

१९७१ च्या लढाईत पदके जागेनुसार वाटली गेली. पूर्वेच्या आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेच्या आघाडीला पश्चिमी स्टार. नेव्हीत असलेल्यांसाठी जहाज कोणत्या समुद्रात होते ते महत्त्वाचे. 'विक्रांत' त्या वेळी बंगालच्या उपसागरात होती, आणि कराचीवर हल्ला करणाऱ्या मिसाइल बोटी अरबी समुद्रात. त्यामुळे एकाच मोहल्ल्यातल्या दोन खलाशांच्या रिबिनी वेगळ्या असू शकतात, त्यात कोणी मोठा-लहान नाही. याशिवाय संग्राम पदक आहे. त्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ असा लांब आहे, आणि काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरात, पश्चिम बंगाल, आसाम, त्रिपुरा अशा भागांत सेवेत असलेल्यांना ते लागू होते. जो तेव्हा देवळालीत रंगरूटांना तोफखाना शिकवत होता, त्याच्या वाट्याला ते आले नसेल. मात्र १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक आहेच, मग तो आघाडीवर असो की भटारखान्यात. शिवाय ९, २० आणि ३० वर्षांच्या दीर्घ सेवेची पदके वेगळी. त्यांना मोहिमेशी काही देणेघेणे नाही, सेवेची वर्षे आणि वर्तन पाहतात.

हे सगळे ठरते कागदावर. 'अब्बा सांगायचे' हा पुरावा होत नाही. पहिला कागद डिस्चार्ज बुक. त्यात सेवा क्रमांक, युनिट, भरती आणि निवृत्तीच्या तारखा असतात आणि पदकांची नोंदही असते. ती नोंद पाहून निम्मे प्रश्न सुटतात. पुस्तक हरवले असेल तर पेन्शनच्या पीपीओवरचा सेवा क्रमांक पुरतो, त्यावरून रेकॉर्ड ऑफिस बाकीचे शोधते. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे वेगळे असते. तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, ग्रेनेडियर्सचे जबलपूरला. नाविकांचे काम मुंबईत मानखुर्दला चालते. पत्ता सापडत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तिथले कर्मचारी अर्ज लिहून योग्य ठिकाणी पाठवायला मदत करतात.

आपल्या घरांतून अडचण येते ती नावाची. भरतीच्या वेळी कारकुनाने ऐकले तसे लिहिले. शेख इब्राहिम फौजेत 'एस. के. इब्राहिम' झाले, आधारवर 'इब्राहिम शेख', मृत्यूच्या दाखल्यावर वडिलांच्या नावासह आणखी तिसरेच. कोणाचे महंमद, कोणाचे मोहम्मद, कोणाचे नुसते 'एमडी'. अर्ज परत आला की लोक वैतागून सोडून देतात. सोडू नये. सेवा क्रमांक सहसा बदलत नाही. त्याच्या आधारे 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करून जोडावे.

अम्मी अर्ज करणार असतील तर आणखी एक गोष्ट. निकाह आणि मुलांचे जन्म फौजेत 'पार्ट टू ऑर्डर'ने नोंदले जातात. जवान सुट्टीवर येऊन निकाह करून गेला आणि युनिटला कळवायचे राहिले, असे पूर्वी फार झाले आहे. मग रेकॉर्डमध्ये वारस म्हणून अजून त्यांच्या वालिदांचेच नाव असते, जे स्वतः जाऊन चाळीस वर्षे झाली. निकाहनामा, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा देऊन ही नोंद करून घ्यावी. हे काम पदकापुरते नाही, फॅमिली पेन्शनही याच नोंदीवर चालते. आमच्या मते पदक मिळो न मिळो, एवढ्यासाठी तरी पेटी उघडावी.

सेवा पदकामुळे पेन्शन वाढत नाही, जमीन मिळत नाही, एकरकमी रक्कमही मिळत नाही. 'साहेब ओळखीचे आहेत, पदकावर पैसे काढून देतो' म्हणत कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. फॉर्म स्वतः भरता येतो.

घरात असलेले पदक खरे की बाजारातले, हे पाहायचे असेल तर त्याची कड पाहा. सरकारी पदकाच्या कडेवर साधारणपणे सेवा क्रमांक आणि नाव कोरलेले असते. जुन्या पदकावर मळ बसून ते दिसेनासे होते. ब्रासो लावून जोराने घासू नये, अक्षरे झिजतात. मऊ कापडाने पुसून भिंगाखाली वाचावे आणि क्रमांक वहीत लिहून ठेवावा. अब्बा हयात असतील तर त्याच वहीत त्यांच्याकडून युनिट, जहाज, ठिकाणे आणि साल लिहून घ्यावे. महिना आठवत नसेल तर रमजानच्या आधी की नंतर, पेरणीच्या वेळी की कापणीच्या, असे विचारावे. त्यावरून तारीख निघते.