अंमल आणि अपाय



आयुष्यभर ज्याने भाषा-साहित्य शिकवले, त्याने व्यसनासारख्या वैद्यकीय विषयाला हात का घालावा, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे एक कारण पुढे ओघात येईलच. दुसरे कारण भाषेचेच आहे. मराठीत 'अंमल' म्हणजे सत्ता आणि 'अंमल' म्हणजे कैफही. आपल्या माळव्यात तर अफूलाच 'अमल' म्हणतात. नीमच-मंदसौरकडे परवान्याने पिकणारी अफू आजही सरकारजमा होते आणि तिच्यातूनच वेदनाशामक मॉर्फिन निघते. ज्या पदार्थाला आपण विष म्हणतो, तोच शस्त्रक्रियेनंतर आपल्या उशाशी असतो, याचे भान ठेवूनच या विषयाकडे वळावे लागते.

व्यसनी माणसासाठी आपल्याकडे दोनच वाटा मानल्या गेल्या : तुरुंग किंवा संपूर्ण मुक्ती. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने पहिली वाट रुंद केली. दुसरीचे उत्तम उदाहरण म्हणजे १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी उभे केलेले 'मुक्तांगण'. त्या कार्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु ज्याला आज सोडणे जमत नाही, त्याने तोवर काय करावे? त्याने निदान जिवंत राहावे, निरोगी राहावे, यासाठी जी उपाययोजना केली जाते तिला 'हानिन्यूनीकरण' असे जडजंबाल नाव आहे. मी साधेपणाने 'अपाय कमी करणे' म्हणेन.

या विचाराची आपल्या देशातील खरी कसोटी मणिपुरात लागली. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून येणारे हेरॉइन तेथील तरुण शिरेतून टोचून घेत. सुई एक आणि हात अनेक. वापरलेल्या सुईत रक्ताचा अंश उरतो आणि त्यासोबत रोगजंतूही. १९८९च्या सप्टेंबरपर्यंत या तरुणांच्या तपासणीत एचआयव्ही आढळत नव्हता. त्यानंतरच्या अवघ्या काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांत तो आढळू लागला. उपदेशाला वेळच उरला नव्हता. कार्यकर्ते, ज्यांत स्वतः कधीकाळी नशा करणारेही होते, वस्त्यांत जाऊन नव्या सुया देऊ लागले, जुन्या परत घेऊ लागले. १९९६ साली त्या राज्याने आपल्या एड्सविषयक धोरणात ही पद्धती उघडपणे स्वीकारली. त्याआधी, १९८४ मध्ये, ॲमस्टरडॅम येथे नशा करणाऱ्यांच्याच एका संघटनेने काविळीच्या साथीला घाबरून सुयांची अदलाबदल सुरू केली होती. शहाणपण कोणाला आधी सुचेल याचा नेम नसतो!

दुसरा उपाय औषधाचा. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वांडर या संशोधकद्वयाने हेरॉइनच्या व्यसनींना रोज तोंडावाटे मेथाडोन देऊन पाहिले. आपल्याकडे मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देतात. मेंदूतील ज्या जागी हेरॉइन जाऊन बसते, तीच जागा हे औषध धरून ठेवते. मात्र सावकाश, दीर्घकाळ आणि एका मर्यादेपलीकडे न जाता. अंगदुखी, उलट्या, तळमळ थांबते. माणूस पुडीच्या शोधात दिवस घालवण्याऐवजी कामावर जातो. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, आणि २००७ नंतर आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही हा उपचार अंगीकारला.

"म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची?" हा आक्षेप मीही एके काळी तावातावाने घेत असे. सुया वाटल्याने नशा वाढते, हेही तितक्याच खात्रीने सांगत असे. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा सुया दिल्याने एचआयव्हीचा प्रसार घटल्याचे आढळले. नशा वाढल्याचा सबळ पुरावा सापडला नाही. अर्थात हे उपाय माणसाला व्यसनमुक्त करतातच असे नाही, आणि तसा दावा करूही नये.

आता ते पहिले कारण. माझा एक विद्यार्थी होता. 'गर्द' हा शब्द घरोघरी पोहोचला त्या काळातला. अक्षर मोत्यासारखे, संस्कृत छंदांचा कान विलक्षण. "आधी ते सोड, मग वर्गात ये," असे मी त्याला सुनावले. काही महिने उपचार घेऊन तो पूर्ण बरा होऊन घरी आला. आम्ही पेढे खाल्ले. तीन आठवड्यांत तो गेला. त्याने आम्हांला फसवले, असे मी कित्येक वर्षे मानत आलो.

वस्तुस्थिती निराळी होती. नशा नियमित असताना शरीर मोठी मात्रा सोसायला शिकते; काही आठवडे खंड पडला की ती सहनशक्ती ओसरते. मग मोह अनावर होऊन जुनीच मात्रा घेतली, तर श्वास मंदावत मंदावत थांबतो. तुरुंगातून वा उपचार केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक असतात. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, त्याच्या घरच्यांनाही नाही. मला तर ठाऊकच नव्हते.

अशा वेळी नॅलोक्सोन नावाचे औषध टोचले किंवा नाकात फवारले, तर ते हेरॉइनला त्याच्या जागेवरून हुसकावते आणि काही मिनिटांत श्वास परततो. त्याचा परिणाम हेरॉइनच्या आधी ओसरू शकतो, म्हणून रुग्णालय गाठावेच लागते. हे औषध केवळ डॉक्टरांजवळ न ठेवता सोबत्यांच्या आणि घरच्या माणसांच्या हाती द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली केली.

त्या रात्री त्याची आई शेजारच्याच खोलीत जागी होती.