एका मोठ्या संख्येचे गुणधर्म : १,४२,८५७

मोठी संख्या फळ्यावर लिहिली म्हणजे ती वाचावयाची, स्थानिक किंमत सांगावयाची व पुसून टाकावयाची, अशी आपल्या वर्गांतून रीत पडली आहे. त्यामुळे मोठ्या संख्येचे भय मात्र उरते, ओळख होत नाही. ही ओळख करून देण्यास १,४२,८५७ ही संख्या फार सोयीची आहे.

प्रथम मुलांकडून तिला २ ते ६ या अंकांनी गुणवून घ्यावे. गुणाकार असे येतील :

२ पट – २,८५,७१४
३ पट – ४,२८,५७१
४ पट – ५,७१,४२८
५ पट – ७,१४,२८५
६ पट – ८,५७,१४२

अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभाचा अंक बदलतो. ७ ने गुणल्यास मात्र ९,९९,९९९ येतात.

येथेच थांबल्यास मुले यास जादू समजतील. शिक्षकाचे खरे काम यापुढे आहे. १ ला ७ ने भागून दशांश काढावयास सांगावे. भागाकारात १, ४, २, ८, ५, ७ हे अंक पुनःपुन्हा येतात. प्रत्येक पायरीची बाकी शेजारी लिहवून घ्यावी : ३, २, ६, ४, ५, १. भाजक ७ असता शून्याखेरीज सहाच बाक्या संभवतात. त्या सर्व येथे एकेकदा येतात. शेवटी १ उरला की आरंभीचीच स्थिती येऊन चक्र पुन्हा सुरू होते. तीन सप्तमांश काढताना आपण याच चक्रात ३ या बाकीपासून शिरतो. म्हणून तिप्पट ४ पासून सुरू होते.

संख्येचे दोन भाग करून बेरीज घ्यावी : १४२ + ८५७ = ९९९. तिसऱ्या पायरीस बाकी ६ आहे, आणि एक सप्तमांश व सहा सप्तमांश मिळून पूर्ण एक होतो, हे त्याचे कारण.

विभाज्यतेच्या कसोट्याही येथे पडताळता येतात. अंकांची बेरीज २७, म्हणून ९ ने भाग जातो. एकाआड एक अंकांच्या बेरजा ८ व १९. फरक ११, म्हणून ११ नेही जातो. पूर्ण अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असे आहेत.

या संख्येचा वर्ग २०,४०,८१,२२,४४९ होतो. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे भाग करून मिळविल्यास मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यावरून हे नाव पडले.

प्रत्येक भाजक असा वागत नाही, हेही दाखवावे. १३ ने भागता बारा बाक्यांची सहा-सहांची दोन चक्रे होतात. १७ ने भागता सोळा अंकांचे एकच चक्र मिळते. हुशार मुलांस हा गृहपाठ द्यावा.

बाकी म्हणजे भागाकारातील टाकाऊ उरलेसुरले नव्हे. पुढील प्रत्येक अंक तीच ठरविते. एवढे मुलास स्वतःच्या वहीत दिसले, तर हा पाठ साधला असे समजावे.