शेततळं हिरवं झालंय? आधी पाणी मोजा, मग मोरचूद हातात घ्या

सांगोला : होळी जवळ आली, उन्हाचा चटका वाढला, की आपल्याकडच्या शेततळ्यांचा रंग बदलायला लागतो. दिवाळीत निळंशार दिसणारं पाणी हिरवं होतं. कडेच्या कागदावर बुळबुळीत थर चढतो, मधे केसांसारखे झुबके तरंगतात. नेमकं याच वेळी आंबिया बहराच्या डाळिंबाला पाण्याची खरी गरज असते. मग ड्रिपर बुजतात, झाडाला पाणी कमी-जास्त होतं आणि फळं तडकतात.

‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली, तेव्हापासून गावोगाव तळी झाली. तळं कसं खणायचं, कागद कसा अंथरायचा हे सगळ्यांनी शिकून घेतलं. पण शेवाळ आलं तर काय करायचं, हे ज्याचं त्यानं चुकतमाकत शिकायचं. मीही तसाच शिकलो, आणि ते शिकणं महागात पडलं.

माझी चूक आधी सांगतो

माझं तळं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्यात दोन मीटर पाणी होतं आणि वर शेवाळाची गोधडी. एकानं सांगितलं, मोरचूद टाक, दोन दिवसांत साफ. मी पाच किलो मोरचूद आणलं आणि एकाच दिवशी सगळं ओतलं. शेवाळ मेलं हे खरं. पण तिसऱ्या दिवशी पहाटे रोहू आणि कटला पालथे पडलेले दिसले. मेलेलं शेवाळ कुजून तळाशी बसलं, ते फूटव्हॉल्व्हमधून ओढलं गेलं आणि दोन एकर डाळिंबाच्या नळ्या बुजल्या. त्या आठवड्यात आम्ही घरातले सगळे टाचणी घेऊन ड्रिपर साफ करत होतो.

हिशोब केला असता तर हे टळलं असतं. म्हणून आधी हिशोब समजून घेऊ.

तळ्यात पाणी किती?

आपल्या तळ्याच्या बाजू उतरत्या असतात. त्यामुळे अर्धी उंची म्हणजे अर्धं पाणी नव्हे. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्याचा हिशोब असा येतो :

- काठोकाठ ३ मीटर पाणी : सुमारे २२ लाख लिटर
- २ मीटर पाणी : सुमारे साडेतेरा लाख लिटर
- दीड मीटर पाणी : सुमारे पावणेदहा लाख लिटर
- १ मीटर पाणी : सुमारे सव्वासहा लाख लिटर

तळं लहान असेल किंवा उतार वेगळा असेल तर आकडे बदलतील. कृषी सहायकाला विचारून एकदाच हिशोब काढून घ्या आणि मोटारीच्या पेटीच्या दारावर आतून लिहून ठेवा. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठी मारून खाली वजन बांधलं की पाण्याची उंची काठावरून कळते.

शेवाळ येतं कशामुळे?

शेवाळाला ऊन, ऊब, थांबलेलं पाणी आणि खत या चार गोष्टी लागतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, ऊन खोलवर जात नाही, म्हणून शेवाळ कमी. गाळ खाली बसून पाणी नितळ झालं की ऊन आत शिरतं आणि शेवाळाला सुरुवात होते.

यातलं ऊन आपल्या हातात नाही, खत मात्र आहे. नत्र आणि स्फुरद जसं पिकाला लागतं तसंच शेवाळालाही. गोठ्याचं पाणी, शेणखताच्या ढिगाखालचं पाणी, विद्राव्य खताच्या टाकीतून उलटं आलेलं पाणी, माशांना जास्त टाकलेलं खाद्य, वाऱ्यानं आलेला पाला, हे सगळं तळ्यात गेलं की शेवाळाचं जेवण झालं. म्हणून काठ उंच ठेवा, बाहेरचं पाणी आत वळू देऊ नका, फवारणीचा पंप आणि खताच्या बादल्या तळ्यात धुऊ नका.

शेवाळ कोणतं, हे काठीनं ओळखा

लांब काठी पाण्यात फिरवा. काठीला केसांसारखं लोंबतं ते तंतुमय शेवाळ. ते बांबूच्या दाताळ्यानं किंवा जुन्या जाळीनं काठावरून ओढून काढता येतं. काढलेलं तळ्याच्या कडेला टाकू नका, पावसानं परत आत जाईल. ते खताच्या खड्ड्यात टाका.

काठीला काहीच लोंबत नाही, नुसता हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखा थर दिसतो आणि घाण वास येतो, तर सावध व्हा. ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. त्यातल्या काही जाती विष सोडतात आणि असं पाणी पिऊन जनावरं दगावतात. अशा तळ्यावर गुरं, शेरडं, कुत्री जाऊ देऊ नका, पोरांना हात घालू देऊ नका. हे शेवाळ औषधानं मारलं तर विष एकदम पाण्यात उतरतं, म्हणून मेल्यावरही काही दिवस पाणी जनावरांना पाजू नका.

मोरचूद टाकायचंच असेल तर

आधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन अहवाल घ्या. जड पाण्यात मोरचूदाचा बराच भाग वाया जातो. हलक्या पाण्यात तेच मोरचूद माशांना जास्त बाधतं. सर्वसाधारण प्रमाण हजार लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे २ मीटर पाण्याला जास्तीत जास्त १ किलो ३५० ग्रॅम. मी टाकलं होतं पाच किलो!

- हाताला निघेल तेवढं शेवाळ आधी काढून टाका.
- तळ्याचे तीन भाग समजा. एका वेळी एकाच भागात, त्या भागापुरतंच मोरचूद टाका आणि पुढच्या भागाआधी आठ-दहा दिवस थांबा. सगळं शेवाळ एकदम मेलं तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.
- बोर्डोसाठी करतो तसंच प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, लोखंडी भांडं नको. चुना मात्र घालायचा नाही.
- ऊन असलेल्या दिवशी सकाळी फवाऱ्यानं पसरवा. हातमोजे घाला, डोळे सांभाळा.
- मासे सोडले असतील तर शक्यतो मोरचूद टाळाच.
- ते पाणी मेंढ्यांना पाजू नका. तांब्याचा त्रास मेंढीला इतर जनावरांपेक्षा लवकर होतो. तळ्याजवळ मेंढ्या बसायला आल्या असतील तर मेंढपाळाला आठवणीनं सांगा.

मोरचूदातलं तांबं संपून जात नाही, गाळात आणि जमिनीत साठत राहतं. त्यामुळे दर पंधरवड्याला टाकायचं हे औषध नव्हे.

स्वीमिंग टँकचा व्हिडिओ तळ्याला लावू नका

हल्ली मोबाईलवर घरच्या स्वीमिंग टँकचे व्हिडिओ फिरतात. क्लोरीन टाकलं, सकाळी पाणी काचेसारखं. ते बघून काही जण ब्लीचिंग पावडरची पोतीच तळ्यात रिकामी करतात. टँकचं पाणी थोडं असतं, ते रोज फिल्टरमधून फिरतं, सामू ७.२ ते ७.८ ठेवतात आणि लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन कायम राखतात. कृषी पर्यटनासाठी ज्यांनी टँक बांधलाय त्यांनी हे जरूर पाळावं, भिंती ब्रशनं घासाव्यात, फिल्टर रोज चालवावा. पण उघड्या तळ्यातल्या लाखो लिटर पाण्यात क्लोरीन उन्हानं काही तासांत उडून जातं. पैसा जातो, मासे जातात आणि शेवाळ परत येतं.

क्लोरीनची जागा ठिबकच्या नळीत

तळ्यात थोडं शेवाळ राहणारच. ते ड्रिपरपर्यंत जाऊ नये, हे महत्त्वाचं.

फूटव्हॉल्व्ह तळाशी ठेवू नका आणि अगदी वरही नको. वर शेवाळ, खाली गाळ. रिकाम्या बंद कॅनला बांधून तो पाण्याच्या पातळीपासून दोन-तीन फूट खाली लोंबता ठेवा. पाणी उतरेल तसा तोही उतरतो.

तळ्याच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, आधी सँड फिल्टर हवा. आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा दाब यातला फरक वाढला की उलट्या प्रवाहानं धुवा. नळ्यांची टोकं दर आठ-पंधरा दिवसांनी उघडून पाणी सोडा.

नळ्यांत बुळबुळ झाली असेल तर क्लोरीन प्रक्रिया करा. पंप ताशी १० हजार लिटर पाणी देत असेल आणि लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन एक तास द्यायचं असेल, तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतं. ३३ टक्क्यांच्या ताज्या ब्लीचिंग पावडरचा हिशोब येतो ६०० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून रात्रभर ठेवा आणि फक्त वरची निवळी व्हेंच्युरीतून सोडा. नंतर टोकं उघडून नळ्या धुवा. त्या वेळी खत सोडू नका. आणि एक गोष्ट जिवाची : ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. एकाच बादलीतसुद्धा पाठोपाठ वापरू नका.

मासे हा सावकाश पण टिकणारा उपाय

गवत्या मासा तंतुमय शेवाळ आणि पाणवनस्पती खातो, चंदेरा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो. बीज किती सोडायचं ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. मासे ओढ्या-नाल्यात सोडू नका. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर प्राणवायू कमी पडलाय असं समजा आणि पंपानं पाणी उंचावरून तळ्यातच पाडा.

शेवटचं, पण सगळ्यात मोठं

शेवाळ चढलेला कागद साबणासारखा घसरतो. चांगला पोहणारासुद्धा त्यावरून वर येऊ शकत नाही, कारण धरायलाच काही नसतं. शेवाळ काढायला एकट्यानं तळ्यात उतरू नका. काठावरून काम करा, कमरेला दोरी आणि दुसऱ्या टोकाला माणूस हवाच. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर कायमचे आत सोडून ठेवा, हवा भरलेली जुनी ट्यूब बांधून ठेवा, कुंपणाला दार करा आणि त्याला कुलूप लावा. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागतील, पोरं पोहायला येतील.

बुजलेल्या नळ्या पुन्हा बदलता येतात, गेलेलं माणूस परत येत नाही. दोर आजच बांधा, शेवाळाचं उद्या बघू.