चढाईचा बाजारभाव

चंदगड तालुक्यातून पुढे आलेल्या सिद्धार्थ देसाई या चढाईपटूला २०१८ साली प्रो कबड्डी लीगच्या लिलावात यू मुंबा संघाने ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले आणि २०१९ साली तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. २०२१ साली हा आकडा १ कोटी ३० लाख होता. त्या हंगामात दुखापतीमुळे त्याला मोजकेच सामने खेळता आले. २०२२ च्या लिलावात त्याची किंमत २० लाखांवर आली. २०२३ साली हरियाणा स्टीलर्सने त्याला पुन्हा १ कोटी दिले. खेळाडू तोच, भाव मात्र एका वर्षात एक षष्ठांशाहून खाली गेला आणि पुढच्याच वर्षी पाचपट झाला.

नीरेच्या काठच्या सांगवीला ही चढउतार नवी वाटू नये. तेथील शेतकरी दोन प्रकारचे बाजार ओळखतो. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर असतो. तो पुरेसा नाही अशी तक्रार होते, पण तो शून्यावर येत नाही. टोमॅटोचे तसे नसते. आज क्रेटला चांगला पैसा, तर उद्या माल रस्त्यावर ओतण्याची पाळी. रेल्वे, सेनादल, पोलीस यांच्या संघांतील नोकरी हे कबड्डीपटूचे ऊसपीक होते. पगार बेताचा, पण गुडघा गेला तरी हजेरीपट चालू राही. २०१४ साली लीग सुरू झाली आणि या खेळात टोमॅटोचा बाजार उभा राहिला.

त्यात गैर काही नाही. मातीत घाम गाळणाऱ्या मुलांच्या कौशल्याला दाम मिळाला, हे स्वागतार्हच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार हा पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात खेळला आणि मार्च २०२४ मध्ये त्याच्या संघाने लीग जिंकली. असे उदाहरण डोळ्यांसमोर असता गावोगावची मुले पहाटे मैदानावर उतरणारच.

प्रश्न संख्येचा आहे. संघ १२ आणि प्रत्येकात १८ ते २५ खेळाडू. म्हणजे साऱ्या देशातून जास्तीत जास्त ३०० जागा, त्यांतही काही परदेशी खेळाडूंच्या. ज्या बाजारात वरच्या थोड्यांना कोटी आणि उरलेल्या हजारोंना काहीच मिळत नाही, तेथे प्रत्येक तरुण आपण त्या थोड्यांतले आहोत असे धरून चालतो. त्याचा हिशेब चुकतो, पण चूक त्याची एकट्याची नसते. त्याला फक्त वरच्या बोलीचा आकडा दिसत असतो. बारावीच्या परीक्षेऐवजी सरावशिबिर निवडणाऱ्या मुलाने काय गमावले, हे कोणत्याही लिलावात पुकारले जात नाही. मुलींच्या बाबतीत तर पुकाराच नाही. २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज ही स्पर्धा झाली, ती पुढे चालली नाही.

राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा आधार मोठा असला, तरी त्यासाठी पदाला लागणारे शिक्षण हवे, आणि ते तर सरावापायी आधीच मागे पडलेले असते. म्हणून उपाय नोकरीच्या दाराशी शोधण्यापेक्षा कराराच्या कागदावर शोधावा. एका हंगामाऐवजी किमान दोन हंगामांचा करार, दुखापतीच्या काळातील मानधन व उपचार, आणि मोठ्या बोलीतील ठराविक हिस्सा खेळाडूच्या नावे निवृत्तीपर्यंत अडकवून ठेवणे, या तीन गोष्टींना संघमालकांच्या दृष्टीने फार खर्च येणार नाही. गिरणीकामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळाला तेव्हाही तो परवडणार नाही असे सांगणारे मालक होतेच.