एक कटिंग, दोन हत्ती!

हातात कप आहे? मग मारा एक भुरका आणि ऐका. तुमची पत्ती ज्या मळ्यातून आली, तिथे मॅनेजरसाहेबांच्या आधी हत्ती राउंड मारून गेलेला असू शकतो! आसाम, दुआर्स, निलगिरी, मुन्नार... चहाच्या बहुतेक पट्ट्यांना जंगल अगदी खेटून आहे. आणि सख्खा शेजारी कधी फोन करून येतो का?

पायांवर उभा बंगला

माहीत आहे का, आसामातले जुने प्लँटर चक्क खांबांवर राहायचे? लाकडी खांबांवर उचललेल्या या घरांना म्हणतात चांग बंगला. खालून पुराचं पाणी वाहो, साप सरपटो की एखादं जनावर डोकावो. साहेब वर व्हरांड्यात, खुर्चीत पाय पसरून. सिक्युरिटी गार्ड नाही, सीसीटीव्ही नाही, फक्त उंची!

गेंडा आला नाही, पण...

१९०४. व्हाइसरॉयची पत्नी लेडी कर्झन गेंडा बघायला काझीरंग्यात. तिथल्या गेंड्यांची ख्याती तिने चहावाल्या मित्रमंडळींकडून ऐकली होती, असं सांगतात. दिसले काय? नुसते पायांचे ठसे! बाईंनी नवऱ्याकडे विषय लावून धरला आणि १९०५ मध्ये राखीव जंगलाचा प्रस्ताव आलाच. २०२२ च्या गणनेत तिथे गेंडे भरले २,६१३. बायकोचं ऐकावं ते असं!

साहेबाच्या नावाचं माकड

चहाच्या साहेबाचं नाव कशाला द्यावं? रस्त्याला? क्लबला? छे, माकडाला! ई. पी. जी हे आसामातले टी-प्लँटर, पण जीव सगळा जंगलात. १९५३ मध्ये त्यांनी भूतान सीमेजवळ सोनेरी लंगुराचं चित्रीकरण केलं. १९५६ मध्ये या लंगुराला शास्त्रीय नाव मिळालं, तेही जींच्या नावावरून. त्यांच्या वन्यजीवांवरच्या पुस्तकाला प्रस्तावना कुणाची? थेट पंडित नेहरूंची! आणि आपल्या मुंबईचं कनेक्शन? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात जी हे हक्काचे लेखक. मळा आसामात, लेख मुंबईत!

वीज कडाडली आणि...

आता जरा अंगावर काटा. श्रीलंकेतले मेजर थॉमस रॉजर्स हे चहावाले नव्हते, ब्रिटिश अधिकारी होते. आजच्या चहाच्या डोंगराळ मुलखात त्यांनी म्हणे १,४०० च्या आसपास हत्ती मारले. १८४५ मध्ये हपुतळेला अंगावर वीज पडून ते गेले. थडगं नुवारा एलियात, गोल्फ कोर्सजवळ. त्या थडग्यावरही पुन्हा पुन्हा वीज पडते, असं स्थानिक सांगतात. हत्तीची मेमरी, दुसरं काय!

शिकारी झाले राखणदार

मुन्नारच्या प्लँटरांनाही शिकारीचा भारी शौक. त्यासाठी त्यांनी इरविकुलमचा डोंगर राखून ठेवला, त्यावर मुथुवन आदिवासी राखणदार नेमले. गंमत बघा: बंदुकीसाठी जपलेल्या त्या कुरणात निलगिरी ताहर वाचला! १९७५ मध्ये अभयारण्य, १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. हे जंगली शेळीवर्गीय प्राणी जगात सर्वांत जास्त संख्येने आज तिथेच नांदतात.

चहात साखर, साखरेत बिबट्या

जुन्नरचा बिबट्या उसात राहतो, हे आपल्याला पाठ. उत्तर बंगालचा कुठे राहतो? चहात! झुडपांमधल्या पाणी जायच्या चरांमध्ये मादी पिल्लं घालते. वर दाट पानांचं छप्पर, आत गारवा. चहा झाला, साखर झाली आणि पिल्लांसाठी दूधही आलं!

हसू इथे थांबतं. पानं खुडायला किंवा छाटणीला गेलेली बाई थेट चरातल्या बिबट्यासमोर येते. २००९ ते २०१६ या काळात तिथे साडेतीनशेहून अधिक माणसं जखमी झाली. या हल्ल्यांचा अभ्यास करणाऱ्यांत एक नाव ओळखीचं: विद्या अत्रेय. हो, आपल्या उसातल्या बिबट्यांमागे फिरलेल्या त्याच! शोधनिबंधाच्या शीर्षकातही चहाच्या कपात बिबट्या बसलाय.

चहा नको, भात आणा

माहीत आहे का, हत्ती चहाला सहसा तोंडही लावत नाही? मळा त्याच्यासाठी नुसता हायवे. त्याला हवा असतो भात, नाहीतर मजुरांच्या वस्तीतली, म्हणजे लेबर लाइनमधली तांदळाची दारू, हंडिया. थोडक्यात, गडी चहाचा नाही, 'बसायचं का?'वाला!

मुन्नारजवळच्या चिन्नकनालचा अरिकोंबन तर रेशन दुकानं फोडून तांदूळ खायचा. एप्रिल २०२३ मध्ये त्याला बेशुद्ध करून, रेडिओ कॉलर घालून पेरियारला हलवलं. महिन्याभरात पठ्ठ्या तमिळनाडूतल्या कंबम गावात हजर! जूनमध्ये पुन्हा पकडला, पुन्हा बदली. सरकारी नोकराचीही एवढ्या वेगात होत नाही. मुन्नारचा दुसरा हीरो पडयप्पा, नाव थेट रजनीकांतच्या १९९९ च्या सिनेमावरून. एन्ट्री तशीच, रस्त्याच्या मधोमध!

आज हत्ती कुठे? टीव्ही लावा!

तमिळनाडूतलं वालपराई म्हणजे चहाचं पठार, त्यावर जंगलाचे तुकडे आणि वर्षभरात येऊन-जाऊन शंभरेक हत्ती. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या मंडळींनी तिथे काय शक्कल लढवली? आधी लोकल केबलवर खाली पट्टी: आज हत्ती अमुक मळ्यात. मग मोबाइलवर मेसेज. आणि मोक्याच्या जागी लाल दिवे. साधारण किलोमीटरभरात हत्ती असला की दिवा पेटतो, तोही मोबाइलवरून. मजूर बाई दिवा बघते आणि घरची वाट बदलते. या कामाला २०१५ मध्ये व्हिटली पुरस्कारही मिळाला.

तेव्हा मंडळी, सुट्टीत मुन्नार-वालपराईची ट्रिप निघाली, तर चहाच्या झुडपांत फोटोसाठी घुसू नका. हत्ती दिसला तर गाडीतून उतरू नका, हॉर्न वाजवू नका. आणि लाल दिवा पेटलेला दिसला, तर थांबा. इथे सिग्नल तोडला तर पावती पोलीस फाडत नाही!