बारशापूर्वींचा निरोप

बारसें आपल्याकडे बहुधा बाराव्या दिवशीं होतें. त्यापूर्वीं बाळ दगावलें, तर तें नांवावांचूनच जातें. पुष्कळ हिंदु घरांत अशा अर्भकाचें दहन न करतां त्याला पुरतात, आणि मोठ्या माणसासारखें सुतकहि पाळीत नाहींत. "पुढचें पाहा," असें वडीलधारीं माणसें आईला सांगतात. हेतु मायेचाच असतो. पण त्या जिवाला खरोखर ओळखणारीं माणसें दोनचारच असतात, आणि त्यांतली एक म्हणजे त्याची परिचारिका. तिच्या दुःखाला सुतक नाहीं, आणि तिच्या समाचाराला कोणी येत नाहीं.

आमच्या तळेगांव दाभाडे येथें १९९५ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याला जोडलेलें डॉ. भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय मावळच्या लोकांच्या परिचयाचें आहे. अशा मोठ्या रुग्णालयांतून हल्लीं नवजात अर्भकांसाठीं निराळा कक्ष असतो. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें, मुठीएवढ्या छातीचें बाळ तेथें उबेंत ठेवितात. चिठ्ठीवर 'अमकीचें बाळ' एवढेंच लिहिलेलें असतें. त्याचा श्वास, त्याची ऊब, नळीवाटे जाणारें दूध यांची नोंद परिचारिका ठेविते. कोणत्या कुशीवर तें शांत निजतें, हेंहि तिलाच ठाऊक असतें. बहुतेक बाळें बरीं होऊन घरीं जातात. तरी २०२० सालच्या नमुना नोंदणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर हजार जिवंत जन्मांमागें ११ बाळें पहिल्या २८ दिवसांतच गेलीं.

ज्याला वांचविणें वैद्यकाच्या हातीं उरलें नाहीं, त्याच्यासाठीं उपशामक शुश्रूषा असते. सिसिली साँडर्स या बाईंनीं १९६७ सालीं लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हें आश्रयस्थान काढलें. त्याहि आरंभीं परिचारिकाच होत्या. मुंबईस १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें, आणि पुण्यास वारजे येथें १९९७ पासून असें केंद्र आहे. पण ही शुश्रूषा म्हातारपणाची किंवा कर्करोगाचीच, अशी आपली समजूत असते. वास्तविक अर्भकालाहि वेदना होतात. विनाकारण सुया टोंचूं नयेत, दिवा मंद ठेवावा, गलबला कमी करावा, आईच्या उघड्या छातीशीं बाळ द्यावें, बापाला व आजीला जवळ येऊं द्यावें, आणि घरच्यांनीं योजिलेल्या नांवानें त्याला हांक मारावी: ही ती शुश्रूषा. हिला उपचार सोडणें म्हणतां येणार नाहीं.

हें करणारीच्या मनाचें काय? आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन विदुषीनें १९८३ सालीं विमानांतील सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली: नोकरीसाठीं मनांतलें आवरून चेहऱ्यावर दुसरें दाखविणें, हेंहि कष्टाचें काम आहे. परिचारिकेला एका खाटेची चादर काढून तशाच पावलीं शेजारच्या खाटेपाशीं जाऊन, वजन वाढलेल्या बाळाच्या आईबरोबर हंसावें लागतें. ऑस्ट्रेलियांत व्हिक्टोरिया केन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००९ सालीं अशा परिचारिकांची मतें मोजण्याचें साधन प्रसिद्ध केलें. शिक्षण, माणसांची पुरेशी संख्या व धीर देणारें कोणी, या गोष्टी असल्या तर ही शुश्रूषा सुकर होते. यंत्रें चालूंच ठेवण्याचा आग्रह मात्र तिच्या आड येतो. म्हणजे एकट्या परिचारिकेच्या दयाळूपणावर हें काम सोपवून भागत नाहीं.

म्हणून रुग्णालयांनीं या विषयाचें रीतसर शिक्षण द्यावें, आणि बाळ गेल्यावर त्या परिचारिकेवर लगेच नवें बाळ न सोंपवितां तिला घटकाभर बसूं द्यावें, वडील सहकारिणीनें तिच्याशीं बोलावें. आपण नातेवाइकांनीं रागाच्या भरांत पहिला शब्द तिला लावूं नये. उलट तिच्यापाशीं बसून विचारावें, "आमचें बाळ कसें होतें हो, सिस्टर?" त्या बाळाविषयीं सांगण्यासारखें तिच्यापाशीं पुष्कळ असतें, आणि आईलाहि तेंच ऐकावयाचें असतें.